पडू नये म्हून

किसन्या, लेका, तू बसल्या जागी गेला.

हे मले पटूनच नाही राह्यलं. सारा हिवाळा आपुन दोघं साडभाऊ तुया खळ्यावर जाऊन एकच गोष्ट शिकलो, का पडाचं कसं नाही. चालता चालता पडाचं नाही, वळता वळता पडाचं नाही, एका पायावर उभं राह्यलं तरी पडाचं नाही. आन् तू काय केलं? वसरीत खुर्चीवर बसला, बशीत च्या ओतला, फुकला, आन् मान खाली घातली. सुमनबाई म्हणे, बशी सांडली बी नाही. म्हंजे परीक्षा तू पास झाला बाप्पा, पण पेपर दुसराच आला.

तवापासून मी बसूनच नाही राह्यलो. बसलं का माणूस मरते, असं कायतरी डोक्यात शिरलं. जेवण उभ्यानं, च्या उभ्यानं. फाट्यावरची मायी प्याशिंजर जीप बंद हाये, कारण उभ्यानं जीप चालवता येत नाही. म्या करून पाह्यलं. कुसुम म्हणते, "बसा नं आता एका जागी! भवऱ्यावानी काय फिरून राह्यले घरात? लोकायले वाटन तुमचीच तेरवी हाये." बायको मायी असली तरी जीभ माहेरची, अनसिंगची हाये, तुले तं मालूम हाये. तिची मोठी बहीण सुमनबाई तुया घरात, लहानी मायाकडं. त्यातही मोठा वाटा तुले, लहाना मले. जीभ तेवढी सारखी वाटून देल्ली सासऱ्यानं.

तुया तेरवीले म्या सारी कामं केली. खुर्च्या मांडल्या. मंग त्या मांडणीत मजा नाही वाटली म्हून परत मांडल्या. आचाऱ्याच्या मांगं उभा राहून वरणाचं मीठ पाह्यलं, आन् इतक्या खेपा पाह्यलं का आचारी म्हणे, "भाऊ, लोकायले ठेवा थोडं." मंग सरपंचानं माईक हातात देल्ला. म्हणे, "उत्तमभाऊ, तुमी त्यायचे साडभाऊ, श्रद्धांजलीचे दोन शब्द बोला." मी उभा झालो (उभाच होतो म्हना). म्हटलं, "किसनभाऊ लय चांगला माणूस होता. आयुष्यात त्याची एकच गोष्ट खराब निघाली, ते म्हंजे साडभाऊ." लोक हासले. तेरवीत हासले, किसन्या. मले पुढचं वाक्य येत होतं. तरी मी माईक ठेवला आन् पंगत पाहाले पयालो.

ते पुढचं वाक्य सांगाले हे सारं सांगून राह्यलो. पण ते काय होतं, हेच आता आठवत नाही. मंग सारंच सांगतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुमनबाईनं मले बलावलं. मधल्या खोलीत कोपऱ्यात बसून होत्या. म्हणे, "उत्तमराव, आखाजी झाली का अश्विनीचं लगन हाये. जाणते लोक म्हणून राह्यले का बाप गेला तं सालाच्या आत उरका, नाही तं तीन साल थांबा. पोराकडचे थांबाले तयार नाही. धरली तीच तारीख ठेवतो म्या."

म्हटलं, "चांगलं हाये बाई."

"पोरीले वाटी लावाले त्यायच्या जागी तुमी चाला."

वाटी लावणं म्हंजे काय ते मले कोनं सांगाची गरज नोती. मांडवातून गाडीपावतर पोरीले धरून नेणं. चार पावलं रायते खरं तं. पण त्या चार पावलांसाठी तू सारा हिवाळा खळ्यावर घाम गाळला, हे मायाइतकं कोनाले मालूम? म्या काय उत्तर देल्लं, तुले सांगतो. म्या म्हटलं, "बाई, मंडपवाल्याचा दोर राह्यला वाटते बाहीर, पाहून येतो." आन् गेलो. मंडपवाला कालच दोर घेऊन गेल्ता. मी रिकाम्या अंगणात दोर पाहत राह्यलो, आन् मंग तसाच घरी.

तवापासून त्यायच्या घरापुढून जाचं असन तं मी गल्ली बदलतो. आपल्या गावात दोनच गल्ल्या हायेत. लय दिवस नाही जमत.

तुले आठवते का हे कसं सुरू झालं ते? सोयाबीन काढाच्या दिवसात तू शेताच्या धुऱ्यावरून पडला. मंग आंघोळीच्या दगडावर पडला. मंग काहीच नसताना, सपाट रस्त्यावर, फाट्यावर माया जीपीपुढं पडला, आन् म्या भर लोकात म्हटलं, "अबे, धडक तं मारू दे आंधी!" तू हासला नाही. अकोल्याचा डाक्टर म्हणे तोल गेला हाये, काठी वापरा, आन् तोलाचा व्यायाम करा. तूनं काठी घेतली. पण अश्विनीचं जमलं तसा तू येऊन मायापाशी बसला. म्हणे, "उत्तम्या, मले काठी न घेता पोरगी वाटी लावाची हाये."

म्हटलं, "लाव नं. पोरगी धरीन तुले."

"थेच तं नाही पाहिजे. पोरगी मायावर टेकली पाहिजे. मी पोरीवर टेकलो तं ते वाटी लावणं झालं काय? पोरगी मले दवाखान्यात घेऊन चालली असं दिसन."

अश्विनी अकोल्याले नर्स. तिनं मोबाइलात एक व्हिडिओ लावून देल्ला. पांढऱ्या ढगळ कपड्यातला एक चिनी म्हातारा तळ्याच्या काठानं उभा. हात वर करून राह्यला. करून राह्यला. करूनच राह्यला. म्या म्हटलं, "अश्विनी, अटकला वं हा. नेटवर्क गेलं वाटते."

"मावसाजी, हे असंच रायते. ताई ची म्हणते याले."

त्या नावावर जो विनोद कराचा तो साऱ्या गावानं मायाआंधी करून टाकला, म्हून मी करत नाही. म्या एवढंच म्हटलं का इतक्या हळू तं आमच्या घरी कपडे बी वाळत नाही.

तुले एकट्याले लाज वाटे. "एकटा हात हलवत उभा राह्यलो तं लोक येडा म्हणतीन."

"मंग मी संग आलो तं?"

"तं दोन येडे म्हणतीन. पण तुले आंधीच म्हणते, म्हंजे वाढला एकच."

असा हिशोब करून तूनं मले नेलं. सोयाबीन निघून गेल्तं, खळं रिकामं होतं, एका बाजूनं कुटाराचा, भुशाचा ढीग. उजाडताना थंडी अशी का दात वाजे. मोबाइल कडुनिंबाच्या फांदीले दुपट्ट्यानं बांधला. पाय खांद्याइतके फाकवाचे, गुडघे ढिले सोडाचे, आन् उभं राहाचं. बस. उभं राहाचं. किसन्या, मले वाटलं हे काय शिकाचं? मी तं उभ्याचाच धंदा करतो, प्याशिंजरासाठी फाट्यावर दिवसभर उभा रायतो. पण त्या दिवशी समजलं का मी उभा कधी राह्यलोच नोतो. पाय थरथरे, हात खाजवे, डोळा रस्त्याकडं जाय, कोनती जीप भरली, कोनाची निंगाली. तू काठी कडुनिंबाले टेकवली आन् असा उभा झाला का चिमणी बसली असती. आजारी तू, आन् हलून मी राह्यलो.

मंग पाऊल. त्या म्हाताऱ्यानं आंधी सारं वजन एका पायावर घेतलं, दुसरा पाय रिकामा केला, आन् मंग तो रिकामा पाय उचलला. म्या थेट उचलला. भरलेलाच उचलला. पडलो. तू म्हणे, "लेका, भरलेलं पोतं कोनी उचलते काय एका हातानं? आंधी रिकामं कर."

"कुठं करू रिकामं?"

"दुसऱ्या पायात."

तुले ते एका दिवसात समजलं. मले पौषात समजलं, आन् माघात परत विसरलो. तू ज्या पायावर पडे त्याच पायाले तू विचारून विचारून चाले. मी मायाच पायाच्या आंधी घरी पोचे.

त्या म्हाताऱ्याच्या साऱ्या चालीले काय काय नावं होती, अश्विनीनं सांगलीही. पाखराचं शेपूट धरणं, घोड्याची आयाळ सारणं, ढग हालवणं. म्या म्हटलं, हे आपल्या कामाचं नाही. शेपटाले आपुन 'कोंबडी धरणं' म्हणाचं. आयाळीले 'बैलाची झूल सारणं'. ढगाले 'डासं हाकलणं'. आन् त्या दोन्ही हातानं पुढं ढकलाच्या चालीले 'उत्तमची जीप'. कारण मायी जीप ढकलल्याबिगर कधी सुरू झालीच नाही, हे मंगरूळपीरपावतरच्या साऱ्या प्याशिंजरायले मालूम हाये. तू नावावर हासे, पण ढकलताना मले टोके. "ढकलू नोको. नुसता हात पुढं जाऊ दे."

"हात पुढं गेल्यानं जीप सुरू होत नाही, किसन्या."

"मंग जीप विक."

आन् ते गोदाबाईचं आठवते का? आठवत नसन तं मेला तेच बरं केलं. कापूस येचाले जाणाऱ्या बाया त्या दिवशी आपल्या खळ्यावरून निंगाल्या. आपुन धुक्यात, डोळे अर्धे मिटलेले, हात वर, मुंडी हळूहळू फिरून राह्यली. बाया थबकल्या. गोदाबाई म्हणे, "माय वं! अंगात आलं." सगळ्यायनं चपला काढल्या. मले हसू फुटाले आलं, पण अश्विनीनं सांगलं होतं चाल मधात तोडाची नाही, आन् तू तं असा इमानदार का घराले आग लागली असती तरी डासं हाकलून झाल्यावरच पाणी टाकलं असतं. गोदाबाईनं पदर पसरला. तुले विचारलं, "देवा, मायी सून माहेरून कवा येईन?" तूनं काय कराचं? तुया चालीत त्या टायमाले हात जाचा होता मंगरूळपीरच्या रस्त्याकडं. गेला. हळूच गेला, बोटं उघडली, आन् थांबला. साऱ्या बाया रस्त्याकडं पाहाले लागल्या.

सांजच्याले सून आली. मायाच जीपीत बसून आली. मले काय मालूम ते गोदाबाईची सून होती म्हून!

दुसऱ्या दिवशी खळ्यावर नारळ, हळद, कुंकू, आन् गोदाबाईच्या मांगं आणखी बाया, ज्याच्या त्याच्या घरचं कोनी न कोनी घर सोडून गेलेलं. तू हात जोडले. "बाई, हा व्यायाम हाये. माया पायासाठी हाये."

गोदाबाई म्हणे, "हाव जी. देव असंच म्हणते."

तू तिच्या घरी गेला काठी टेकत, समजवाले. तिनं तुले पाटावर बसवलं, च्या पाजला, आन् उठताना तुया पाया पडली. तू वापस येऊन मले म्हणे, "उत्तम्या, लोकायले खोटं वाटाले नोको." म्या म्हटलं, "बरोबर हाये," आन् नारळ फोडला. त्यातही तूनं मोठा तुकडा घेतला. अनसिंगले सासुरवाडीत बी तसंच. वयानं मी मोठा, पण बायको थोरली तुयी, म्हून पयला पाट तुले, पयली पुरणपोळी तुले, तुपाची वाटी तुयाकडून फिरत मायाकडं येईपावतर तिच्यात फक्त वाटी राहे. इतकी सालं म्या हे सहन केलं, आन् जाताना बी तूच पयला गेला. तिथं तरी सांग, मांगं एक येऊन राह्यला, त्याच्यासाठी तूप ठेवा म्हून.

एक भांडण आपलं राहूनच गेलं. तो चिनी म्हातारा आपल्याकडं तोंड करून उभा. तू म्हणे, तो उजवा हात उचलते तं आपुनही उजवाच उचलाचा. मी म्हणे, आरशावानी पाहाचं, म्हंजे डावा. तुया उजवा, माया डावा. शेजारी उभं राहून केलं का तुया हात माया कानशिलात. सारा हिवाळा म्या कानशिलात खाल्ल्या, पण हात बदलला नाही. तूही नाही. म्हणे, "लगन झालं का अश्विनीलेच विचारू. तवर तू तुयं कर, मी मायं." मी आताही एकट्यानं केलं तं डावाच उचलतो. पण कानशिलात काही येत नाही, आन् मंग ते चुकलं असं वाटते.

मंग अश्विनीनं दुसरा व्हिडिओ पाठवला. दोन माणसं समोरासमोर, मनगटाले मनगट लावून उभी. ढकलाचं, पण हळू. ज्याचा पाय हालला तो हारला. मले वाटलं, आता आली मायी बारी. साऱ्या आयुष्याचं ढकलणं मायाजवळ जमा होतं. म्या मनगट लावलं आन् जोर केला. तूनं काय केलं? काहीच नाही. तू निस्ता बाजूले झाला, बाई दारातून वाट देते तसा. आन् मी थेट कुटाराच्या ढिगात, डोक्यानं. बाहीर निंगालो तं कानात कुटार, मिशीत कुटार. "परत!" म्हटलं. परत ढिगात. लंगडा माणूस तू, धुऱ्यावरून पडणारा, आन् त्या सकाळी एका खेपेले बी पडला नाही. शेवटी मी ढिगातच पडून राह्यलो आन् म्हटलं, "काठी टाकून देल्ली का काय तूनं? मले मारून टाकशीन."

तू म्हणे, "तुले मी ढकललं काय? तूच गेला. मी निस्तं जाऊ देल्लं."

ते वाक्य आता मले रोज सतावते. मी निस्तं जाऊ देल्लं. कसं देतेत जाऊ, किसन्या? ते तं सांगून नाही गेला.

त्या व्यायामानं मायं काय झालं ते तुले कधी बोललो नाही. मी सांगत होतो सगळीकडं, किसन्यासाठी जातो बाप्पा, माणूस आजारी हाये, एकटा पडते. खरं म्हंजे तू हाका मारायच्या आंधी मी उठून बसलेला राहे. दिवसभरात तेवढाच टाइम होता का मले कुठं जाचं नसे. जीप हळू झाली मायी. प्याशिंजर म्हणाले लागले, "उत्तमभाऊ, बैलगाडी घेतली काय?" कुसुम म्हणे तुमी झोपीत लाता मारणं कमी केलं. हे सारं तुयामुळं. तोंडावर बोललो असतो तं तू फुगला असता, म्हून ठेवलं. ठेवाले नोतं पाहिजे.

आता ते शेवटचं. त्या दिवशी तू म्हणे, "आज तालीम करू." काठी कडुनिंबापाशी ठेवली. "हे खळं म्हंजे मांडव. तुयी जीप उभी हाये रस्त्यावर, ते गाडी. तू पोरगी हो."

"मी? मायी मिशी पाह्य."

"दुपट्टा घे डोक्यावरून."

घेतला. तूनं माया हात तुया हातात धरला आन् समजावून सांगलं, "इकडून मी, तिकडून सुमन. मधात पोरगी. तू मायावर वजन टाक, तिकडं नोको." सुमनबाई भाकर घेऊन आल्या होत्या, त्या धुऱ्यावर बसून पोट धरून हासून राह्यल्या. मले तं चेवच आला. म्या गळा काढला, "बाबा, मले नोको पाठवू! बाबा, तिथं च्या बेकार रायते!" आन् सारं अंग तुयावर टाकलं. मी काही हलका नाही. तूनं आंधी एक पाय भरला. मंग दुसरा रिकामा केला. उचलला. ठेवला. मी रडण्याची नक्कल करत होतो, तू चालत होता. खळं सरलं. धुऱ्याचा उतार आला, तिथं तू थांबला, पायाले विचारलं, आन् उतरला. काठी नाही, काही नाही. जीपीपाशी तूनं मायासाठी दार उघडलं, माया डोक्यावर हात ठेवला, दुपट्ट्यावरून. मी वर पाह्यलं तं तुया डोळ्यातून पाणी चाल्लं होतं. तू म्हणे, "नीट राहाजो."

मले नक्कल करता येईना. म्या म्हटलं, "हाव."

मंग तू हासला आन् मले शिवी देल्ली, आन् आपुन भाकर खाल्ली. पण ते झालं होतं, किसन्या. तूनं मले वाटी लावलं, आन् त्या आठवड्यात तूच गेला. आता त्याच वाटेनं बाप होऊन मी कसा जाऊ? मले पोरगी नाही. दोन पोरं हायेत, त्यायले वाटी लावाले गेलो तं तेच मले गाडीत बसवून देतीन. एकाच खेपेले त्या वाटेनं गेलो, ते पोरगी होऊन, मिशीसकट. बाप होऊन गेलो तं मी हासीन, का रडीन, का पोरीवर पडीन, मलेच भरोसा नाही.

हे डोक्यात फिरवत फिरवत आज सकाऊन दोन्ही गल्ल्या सरल्या आन् मी तुया दारात येऊन पडलो. सुमनबाई वसरीत तूर पाखडत होत्या. अश्विनी सुटीवर आली हाये, ती दारात उभी. तुयी खुर्ची तिथंच हाये.

"बसा," बाई म्हणे.

"नाही बाई. उभाच बरा हाये."

"दोर सापडला का?"

म्हंजे त्यायले सारं मालूम होतं. म्या म्हटलं, "बाई, मी नाही येत त्याच्या जागी."

बाईनं सूप खाली ठेवलं. "मंग कोन? त्यायले भाऊ नाही. मले भाऊ नाही. परका माणूस धरून आनू काय?"

"तुमी. तालमीत ठरलं होतं नं, इकडून तो, तिकडून तुमी. तुमची जागा कुठं गेली? तुमी चाला. मी मांगून पोरीची पेटी घेऊन येतो."

"उत्तमराव, येडे झाले काय? कपाळ पांढरं झालेली बाई मी. पोरीच्या संग साऱ्यायच्या पुढं चालली तं मांडव तोंडात बोट घालीन. पोरीले कायले अपशकुन?"

अश्विनी दारातून म्हणे, "आई, तू नाही तं मी गाडीत बसतच नाही. मले नाही लागत अपशकुन."

"तुले नाही लागत वं. लोकायले लागते. पयलं पाऊल टाकलं का सारे मायाकडंच पाहतीन."

मी हे ऐकलं आन्, किसन्या, पयल्यांदा एवढ्या दिवसात मले माया कामाचं काम दिसलं. म्या म्हटलं, "ते मायाकडं लागलं बाई. तुमी पाऊल टाकलं का मी मांगं कायतरी येडेपणा करतो. तेरवीत हासले लोक मायावर, लग्नात नाही हासतीन काय? ते मायाकडं पाहतीन, तवर तुमी गाडीपावतर पोचान."

"आन् नाही पाह्यलं तं?"

"तं मी पडतो."

"काय?"

"पडतो, मांडवात. पेटीसकट. सारा हिवाळा मी दुसरं काय केलं, बाई?"

बाईनं मायाकडं पाह्यलं. मंग अश्विनीकडं. पदर सारखा केला आन् सूप परत हातात घेतलं.

"पडा मंग," म्हणे. "पण पंगतीच्या अंगानं पडू नोका. तिकडं वरणाचं भरलेलं गंज रायते."